चेतकचा क्लच ओढतो, गिअर सुटतो: इंजिन खोलायच्या आधी काय काय बघायचं

बजाजची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर उभी करायला घेतली की पत्रा, रंग, सीट, वायरिंग हे सगळं हळूहळू मार्गी लागतं आणि गाडी शेवटी येऊन अडते ती क्लच आणि गिअरवर. तक्रारी पण ठरलेल्याच. क्लच पूर्ण दाबलाय तरी पहिला टाकला की गाडी पुढे ओढते, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, चढावर दुसऱ्यात गाडी खेचत असताना गिअर खाडकन सुटतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. वायर बदलली, प्लेटा बदलल्या, चार दिवस बरं चाललं आणि परत तेच. मग गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, "साहेब गिअरबॉक्स गेलाय, इंजिन खोलावं लागेल", आणि त्याच्या मागोमाग येणारं वाक्य तर त्याहून वाईट, "नाहीतर जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणून बसवू, स्वस्तात पडेल".

ते दुसरं इंजिन प्रकरण कृपा करून करू नका. इंजिन नंबर केसवर, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर, ठोकलेला असतो, तोच आरसीवर असतो, केस बदलली की गाडीची ओळखच बदलली. शिवाय 2021 साली केंद्र सरकारने जे नियम केले त्यात पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण गाडी मूळ स्वरूपात असायला पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. चेतक आली 1972 ला, व्हेस्पावाल्या इटालियन पियाजिओबरोबरचा बजाजचा करार 1971 ला संपल्यावर, म्हणजे बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या अगदी पहिल्या गाड्या आता त्या वयात आल्यात. घरच्यांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली गाडी, आणि आपण दोन वायरींच्या ढिलाईपायी तिचं मूळ इंजिन भंगारात घालायचं, हे मला तरी बघवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गाडीत क्लच-गिअरचा दोष बहुतेक वेळा बाहेर असतो, म्हणून बाहेरून आत जायचं, आणि एक पायरी संपल्याशिवाय दुसरीला हात घालायचा नाही. वायर, मग तेल, मग क्लचचं कव्हर, मग गिअरच्या वायरी आणि सिलेक्टर (त्या वायरी जोडलेला, गिअर बदलणारा इंजिनवरचा भाग), आणि हे सगळं नीट असूनही त्रास राहिला तरच केस उघडायची. दुसरी गोष्ट, क्लच ओढणं आणि गिअर सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत, दोन्ही एकदम दुरुस्त करायला गेलं की नेमकं कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं तेच कळत नाही.

आधी क्लच ओढण्याचं बघू, कारण तो दोष सगळ्यात जास्त दिसतो. या गाडीत क्लच थेट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या, टोकावर बसवलेला असतो, गिअरच्याच तेलात भिजलेला, कॉर्कच्या प्लेटा आणि लोखंडी प्लेटा आलटून पालटून. हँडलचा लिव्हर दाबला की वायर इंजिनवरचा छोटा आर्म ओढते, आर्म आतलं पितळी बटण दाबतो आणि प्लेटा सुटतात. एवढी सरळ रचना आहे, त्यामुळे बघायचं पहिलं ठिकाण म्हणजे तो आर्म. एकाला लिव्हर दाबायला सांगा आणि तुम्ही खाली बसून आर्मकडे बघा. लिव्हर मुठीपर्यंत आला पण आर्म जेमतेम हलला, तर प्लेटांचा काही संबंध नाही, हालचाल मधेच कुठेतरी खाल्ली जातेय. ती खाल्ली जाते तीन जागी. लिव्हरची पिन घासून भोक लांबट झालेलं असतं, तार पकडणारं खालचं निपल तारेवर सरकत असतं, किंवा आऊटर, म्हणजे तारेवरची नळी, दबत असतो. हा तिसरा प्रकार फार फसवा. बाजारात मिळणाऱ्या हलक्या आऊटरची स्प्रिंग ताण आला की आवळते, दिसायला कोरी करकरीत वायर असते आणि काम शून्य. म्हणून "वायर तर नवीनच टाकलीय" हे ऐकून पुढे जाऊ नका, लिव्हर दाबताना आऊटर वाकड्याचा सरळ होतोय का, हँडलखालच्या वळणावर उचलला जातोय का ते बोट लावून बघा. रंगकामानंतर हा त्रास हमखास येतो, कारण पूर्ण बॉडी रिकामी केलेली असते आणि परत वायरी ओवताना कुठलीतरी एक पिळलेली किंवा कोपऱ्यात दबलेली राहते.

ॲडजस्ट करताना लिव्हरला साधारण दोन मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवा. शून्य ठेवलीत तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, प्लेटा जळतात आणि मग ओढण्याच्या ऐवजी स्लिप सुरू होतं, म्हणजे क्लच नीट पकडतच नाही.

वायर बरोबर असेल तर तेल. इथे इतका गोंधळ आहे की काय सांगू. गिअरबॉक्स म्हणलं की लोक नव्वद नंबरचं जाड गिअर ऑईल ओततात, ट्रकमध्ये चालतं म्हणजे इथे पण चालेल असा हिशोब. या गाडीला लागतं एसएई 30, साधारण अडीचशे मिली, बस. जाड तेलात प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि थंडीत सकाळी तर गाडी क्लच दाबूनही ढकलता येत नाही. याच्या उलट कारचं आधुनिक इंजिन ऑईल टाकलं की त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी कॉर्क स्लिप मारतो. एसएई 30 मिळत नसेल तर मोटरसायकलचं 20डब्ल्यू40, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं, ते व्यवस्थित चालतं, ओल्या क्लचसाठीच असतं ते. पातळी बघायला मागे स्क्रू आहे, गाडी सपाट जागी सरळ उभी करून तेल भरायचं आणि त्या भोकातून थेंब यायला लागले की थांबायचं.

तेल काढताना ते नुसतं गटारात ओतू नका, पांढऱ्या थाळीत काढा आणि उजेडात नीट बघा, कारण इंजिन न उघडता आतलं सांगणारी ती एकच गोष्ट आहे. बारीक राखाडी चिखल असेल तर घाबरायचं कारण नाही, इतक्या वर्षांची झीज आहे. कॉर्कचे काळे तुकडे दिसले तर प्लेटा संपल्या. रिव्हेटचं डोकं, स्प्रिंगचा तुकडा किंवा गिअरच्या दाताचा टवका निघाला तर मात्र गाडी चालवायची नाही, प्रायमरी गिअरमधल्या धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा तुटल्यात किंवा दात गेलाय, तिथे केस उघडणं आलंच. आणि तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर क्रँकचं क्लच बाजूचं सील गेलंय, मिश्रण गिअरच्या तेलात उतरतंय आणि ते तेल पातळ करतंय. हेच सील उलटं पण काम करतं, इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतं, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर थांबत नाही, प्लग सारखा ओला होतो, आणि माणूस पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑईलचं प्रमाण कमी करत बसतो, ज्याने शेवटी पिस्टन जाम होतो.

बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट होते, प्लेटा एकमेकींना अक्षरशः चिकटून बसतात. वायर, तेल सगळं बरोबर, आर्म पण पुरता फिरतो, तरी क्लच सुटत नाही. अशा वेळी क्लच दाबून धरून किक मारा. या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच क्रँककडे जातो, त्यामुळे क्लच दाबलेला असताना किक मोकळी गेली पाहिजे आणि इंजिन फिरता कामा नये. इंजिन फिरलं तर प्लेटा चिकटल्यात. काही वेळा अशाच किका मारून त्या सुटतात, नवीन तेल घालून गाडी गरम करून परत करून बघा. नाही सुटल्या तर कव्हर काढायचं.

हीच किक स्लिपचं पण निदान करते. क्लच न दाबता किक मारली आणि ती मधेच घसरते, इंजिन फिरत नाही, तर लोक लगेच किकचा गिअर गेला म्हणतात. आधी गाडी बंद ठेवून तिसऱ्या गिअरला टाका आणि ढकला. चाकाबरोबर इंजिन फिरलं, कॉम्प्रेशन जाणवलं, म्हणजे क्लच पकडतोय, दोष किकच्या दातात आहे. चाक फिरतं पण इंजिन गप्प, तर क्लच स्लिप आहे. किंवा क्लच ज्या अर्धगोल चावीवर क्रँकला धरून असतो ती तुटलीय, मग तर कुठल्याच गिअरला गाडी जागची हलत नाही.

क्लचचं कव्हर डाव्या बाजूला मागच्या चाकाशेजारी आहे, त्यासाठी इंजिन उतरवायची गरज नाही, मागचं चाक काढलं की हात मोकळा होतो. कव्हर हातात आल्यावर सगळ्यात आधी ते पितळी बटण बघा. बटणाचं तोंड आणि ते जिथे टेकतं ती क्लचवरची चकती, दोन्ही घासून खड्डा पडलेला असतो, आणि त्या खड्ड्याएवढी हालचाल वाया जाते. नवीन प्लेटा टाकूनही ओढणं राहिलं अशा कितीतरी गाड्यांत दोष या स्वस्तातल्या बटणाचा निघतो. मग क्लच बाहेर काढायचा. मधला नट खाचांचा असतो, त्याला वेगळा पाना मिळतो, तो आणा, छिन्नी हातोडीने नट फिरवू नका. छिन्नीने खाचा फाटतात, आणि पुढच्या वेळी नट निघतही नाही आणि नीट आवळतही नाही, मग तो चालत्या गाडीत सैल होऊन चावी कापतो. नटाखालच्या वॉशरचा वळवलेला कान आधी सरळ करायचा. क्लच ओढून काढताना खालच्या पोकळीत स्वच्छ फडकं कोंबा, ती अर्धगोल चावी आत पडली की सापडवता सापडवता दिवस जातो.

प्लेटा सोडवताना स्प्रिंगा दाबून ठेवाव्या लागतात, लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन घरी पण जमतं, पण चेहरा समोर ठेवू नका, रिंग निघाली की स्प्रिंगा जोरात उडतात. प्रत्येक प्लेट काढताना मोबाईलवर फोटो घ्या, कारण कुठली प्लेट कुठल्या बाजूने होती हा क्रम चुकला की क्लच नवा असूनही कामाचा नाही. आता बास्केट, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात ती वाटी. ज्या खाचांमध्ये प्लेटांचे कान सरकतात तिथे नख फिरवून बघा. नख अडकत असेल तर कानांनी तिथे घर केलंय, प्लेटा सरकायच्या ऐवजी त्या खळग्यात अडतात आणि क्लच झटक्याने सुटतो किंवा सुटतच नाही. खळगे उथळ असतील तर बारीक कानसीने सपाट करता येतात, खोल असतील तर बास्केट बदला. लोखंडी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्यात का बघा, निळ्या पडल्या असतील तर त्या भाजल्यात. नवीन कॉर्क प्लेटा कोरड्या कधीच बसवू नका, जे तेल घालणार त्याच तेलात रात्रभर भिजत ठेवा. बसवताना नट 40 ते 45 न्यूटन मीटर आणि वॉशरचा कान परत वळवायचा, न विसरता. कव्हरच्या आर्मची रबरी रिंग पण याच वेळी बदला, तिथून गळणारं तेल सरळ मागच्या टायरवर जातं.

आता गिअर सुटण्याकडे येऊ. याची मुळं समजली की निदान सोपं होतं. गिअरचे चार चाक पोकळ शाफ्टवर मोकळे फिरत असतात, आणि अधिकच्या चिन्हासारखा चार हातांचा एक तुकडा, ज्याला आपण क्रॉस म्हणतो, तो शाफ्टच्या आतून सरकत ज्या गिअरमध्ये जाऊन अडकतो तो गिअर लागतो. क्रॉस हलवतो इंजिनवरचा सिलेक्टर, आणि सिलेक्टरला फिरवतात हँडलच्या डाव्या, गिअर बदलायच्या मुठीपासून आलेल्या दोन वायरी. म्हणजे गिअर सुटतो तेव्हा दोनपैकी एक झालेलं असतं. क्रॉस पूर्ण आत गेलाच नव्हता, किंवा गेला होता पण त्याची आणि गिअरची धार गोल झाल्यामुळे जोर आला की बाहेर फेकला गेला.

हे ओळखायची जागा म्हणजे तुमचा डावा हात. दिवे घाटासारखा लांब चढ घ्या, ज्या गिअरचा त्रास आहे तो टाका, थ्रॉटल पूर्ण द्या आणि मूठ हलकी ठेवा. गिअर सुटताना मुठीला झटका बसून ती हातात फिरली, तर क्रॉस आतून फेकला जातोय, दोष आत आहे. मूठ जागच्या जागी आहे आणि गिअर नुसता गेला, तर वायरी ढिल्या आहेत, क्रॉस काठावर लागत होता. आता मूठ घट्ट धरून परत तोच चढ. घट्ट धरल्यावर गिअर टिकतो पण मुठीला सारखा धक्का जाणवतो, तरी पण आतलीच झीज. रस्ता मोकळा बघून करा आणि मागे कुणी बसवू नका.

वायरींचा दोष निघाला तर नुसता ॲडजस्टर पिळत बसू नका, सुरुवातीपासून लावा. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी स्टँडवर घ्या, दोन्ही वायरी सिलेक्टरपासून सोडा आणि सिलेक्टर हाताने फिरवा, दुसऱ्या हाताने चाक फिरवत, कारण चाक थांबलेलं असताना क्रॉस नेमका जुळत नाही. पहिला, न्यूट्रल, दुसरा, तिसरा, चौथा, प्रत्येक जागी स्पष्ट टक्क लागायला पाहिजे. इथे सगळे गिअर लागले तर आत बहुतेक सगळं ठीक आहे, एवढ्याने मोठी काळजी मिटते. टक्क पुसट लागत असेल तर सिलेक्टरच्या डब्यातली स्प्रिंग किंवा गोळी बघा, तो डबा बाहेरूनच निघतो. मग सिलेक्टर न्यूट्रलच्या खाचेत, हँडलवरची खूण न्यूट्रलवर, आणि दोन्ही वायरी सारख्या ताणून निपल आवळायचे. हँडलला अगदी थोडी ढिलाई राहू द्या, पण खूण आणि टक्क चारही गिअरला जुळलंच पाहिजे.

एवढं करून पण खड्ड्यात गाडी आपटली की गिअर बदलत असेल तर वायरींचा नाद सोडा आणि इंजिनचे सायलेंट ब्लॉक, म्हणजे इंजिन ज्यावर टांगलेलं असतं ती रबरं, बघा. या गाडीचं इंजिन चाकाबरोबर वरखाली होतं, ब्लॉकचं रबर गेलं की ते आडवं पण हलतं आणि प्रत्येक हलण्याला वायरी ओढल्या जातात. चाक आडवं धरून हलवलं की इंजिनच हलताना दिसतं. आणि क्लच सोडताना मागून ठक्क असा आवाज, गाडी झटका देते, ही तक्रार घेऊन आलेली गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या आधी मागच्या ड्रमचा नट आणि आतले दाते बघा. नट सैल राहिला की ड्रमचे दाते शाफ्टवर घासत जातात, पुढे एके दिवशी पूर्ण गोल होतात, आणि तो सगळा आवाज गिअरबॉक्सच्या नावावर जातो. हा नट 90 ते 110 न्यूटन मीटर लागतो आणि त्याला कॉटर पिन हवीच.

मुठीला झटका बसतोय, सिलेक्टर आणि वायरी बरोबर आहेत, किंवा तेलात धातू निघालाय, तर आता केस उघडा, तेव्हाच. उघडणार असाल तर अर्धवट काम करू नका. क्रॉस बदलताना ज्या गिअरमध्ये तो अडकतो त्याच्या आतल्या खाचांची धार भिंगातून बघा, गोल झाली असेल तर नुसता नवा क्रॉस वर्षभरात परत घासेल. क्रॉसच्या दांड्याला उलटे आटे असतात, सरळ समजून जोर लावला तर दांडा पिळतो. गिअरच्या गठ्ठ्याची आडवी ढिलाई फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, 0.15 ते 0.40 मिलिमीटरमध्ये हवी, जास्त असेल तर जाड रिंग मिळते. नवा क्रॉस टाकूनही गिअर परत सुटायला लागतो त्याचं कारण बहुतेक ही ढिलाई मोजलेलीच नसते. दात असलेल्या खालच्या गठ्ठ्यात सुटे बारीक रोलर असतात, शाफ्ट काढायच्या आधी खाली कापड अंथरा आणि बसवताना ग्रीसमध्ये चिकटवून बसवा. बेअरिंगा आणि दोन्ही बाजूची क्रँक सीलं याच वेळी नवीन टाका, कारण ती बदलायला परत हेच सगळं खोलावं लागेल.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, पण जुना पार्ट खिशात घेऊन जा आणि दुकानात शेजारी ठेवून जुळवा, क्रॉसचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि चुकीचा क्रॉस बसल्यासारखा वाटतो पण गिअर धरत नाही. ऑनलाईन शोधताना नुसतं चेतक टाकलं की सगळी इलेक्ट्रिक चेतकच येते, तिथे टू-स्ट्रोक आणि साल दोन्ही लिहा.

गाडी जोडून झाल्यावर पहिले काही दिवस शहरातच फिरवा, क्लचची वायर नवीन असेल तर ती ताणते, दोन मिलिमीटरची ढिलाई परत एकदा बघा. पाचेकशे किलोमीटर झाले की तेल परत थाळीत काढा. कॉर्कचा थोडा भुगा चालेल. धातू चमकत असेल तर त्याच दिवशी गाडी उभी करा.